सर्वानुमते बदामी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या अपार्टमेंटला रंग द्यायची वेळ आली ती कृष्णामाईमुळं. 2019 च्या ऑगस्टात ती पार्किंगमध्ये येऊन भिंतीवर एक रेघ ठेवून गेली. 2021 च्या जुलैत पुन्हा आली आणि त्याच रेघेखाली दुसरी ओढून गेली.

तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, परातीतून भडंग आलं आणि पेंटरनं त्या दोन रेघांच्या मधोमध वीतभर नमुना मारला. चेअरमननी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "झक्कास! बदामी."

नमुना हिरवा होता. चांगला पिस्ता. मी पंचवीस वर्षं कापडाच्या दुकानात गज फिरवलाय. बदामी मागणाऱ्या बाईपुढं असलं ठाण उलगडलं असतं तर तिनं मालकाला हाक मारली असती.

"बदामीच की!" सेक्रेटरी म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या सरांना तो 'सोबर बदामी' वाटला. काकू भडंगातले शेंगदाणे वेचत म्हणाल्या, "माझ्या माहेरी अस्साच होता." पेंटरनं काही न बोलता पायानं डबा फिरवला आणि त्यावरचं रंगाचं नाव भिंतीकडं केलं.

माझी पाळी येईस्तोवर पाच जण बदामी झाले होते. मी चष्मा पुसला. मोतीबिंदूत रंग बदलतात का, हेही आठवून पाहिलं.

दोनच दिवसांपूर्वी, मानसशास्त्र शिकणाऱ्या आमच्या लेकीनं जेवताना सॉलोमन अ‍ॅशचा 1951 चा प्रयोग सांगितला होता. एका खऱ्या माणसाला सामील लोकांच्या घोळक्यात बसवायचं आणि कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी ते विचारायचं. सामील मंडळी अठरापैकी बारा वेळा ठरवून चुकीची रेघ सांगायची. त्या खऱ्या माणसांतल्या चारांपैकी तिघांनी एकदा तरी हो ला हो मिळवलं. "माणसं का मेंढरं ही!" असं म्हणून मी तेव्हा आमटी वाढून घेतली होती. पण घोळक्यात एक जण जरी खरं बोलला, की बिचाऱ्याची भीड बरीचशी चेपते, असंही ती म्हणाली होती.

मला तो एक जण हवा होता. शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा होते. मी कुजबुजलो, "अण्णा, हिरवा आहे न्हवं?"

"हिरवाच की ओ. पण माझं पार्किंगचं प्रकरण चेअरमनकडं अडकलंय. तुम्ही म्हणा, मी मागनं म्हणतो."

टेंभू म्हटलं की आमच्या जिल्ह्यात पाण्याची योजना आठवते. पण कऱ्हाडजवळच्या त्याच टेंभूत जन्मलेल्या आगरकरांची पुण्यात सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी गडी मागं सरला नाही. माझी फार तर पाण्याची मोटर उशिरा चालू झाली असती. उठलो. घसा खाकरला.

"मला तो... किंचित पिस्त्याकडं झुकल्यागत वाटतोय."

हा 'किंचित' कुठून आला, देव जाणे. भडंगाचा कुरकुराट थांबला. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते. मग म्हणाले, "बदामीत थोडा पिस्ता असतोच."

सगळे हसले. मीही हसलो, त्याची जास्त लाज वाटते. सेक्रेटरींनी 'सर्वानुमते बदामी' लिहून वही पुढं केली, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आमच्या हिनं वाकून विचारलं, "अहो, तो पिस्ता फायनल झाला का?"

क्षणभर वाटलं, आला माझा एक जण! चेअरमन शांतपणे वर बघून म्हणाले, "वहिनी, उन्हात तसा दिसतो."

पार्किंगला वर छप्पर आहे. मी सही केली.

परवा कुरिअरवाल्या पोराचा फोन आला. "काका, बदामी बिल्डिंग म्हणालाय, पण इथं एक पिस्ता कलरचीच दिसतीय."

"तीच ती," मी म्हणालो. "उन्हात तसा दिसतो."

"काका, पाऊस पडतोय की ओ," पोरगं म्हणालं.