थ्रेड का नको: एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार. आयपायथॉनच्या (पायथॉनची एकेक ओळ लिहून लगेच चालवायची सोय) कन्सोलमधून क्यूटीची (खिडक्या आणि बटणं बनवायची लायब्ररी) खिडकी जिवंत, म्हणजे क्लिकला प्रतिसाद देणारी, कशी ठेवायची, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, खिडकीचा इव्हेंट लूप (क्लिक वगैरे घटनांची वाट पाहून त्या हाताळणारं चक्र) सरळ वेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यात) टाकला की प्रश्न मिटतो. दोन, '%जीयूआय क्यूटी' (कन्सोल आणि क्यूटीची खिडकी एकत्र चालवणारी आयपायथॉनची आज्ञा) म्हणजे कीबोर्डकडे सारखं डोकावत राहणं आणि प्रोसेसर फुकट जाळणं. तीन, मोठा हिशेब चालू असताना खिडकी गोठतेच, त्यामुळे 'आता खिडकी गोठणार नाही' हे माझं विधान खोटं आहे.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. ते वाक्य चूक होतं, आजच दुरुस्त केलं. पहिले दोन मात्र मला पटत नाहीत.

थ्रेडचा मार्ग आधीच चोखाळून झालेला आहे. जुन्या आयपायथॉनमध्ये '-क्यूथ्रेड', '-डब्ल्यूथ्रेड' असे थ्रेड वापरणारे पर्याय होते. 2011 मध्ये 0.11 आवृत्ती आली तेव्हा ते काढून टाकले आणि पायथॉनच्याच 'पायओएस_इनपुटहुक'वर (टायपिंगची वाट पाहताना दुसरं काम करून घ्यायची सोय, म्हणजे हुक) सगळं उभं केलं. कारण समजायला सोपं आहे. क्यूटीच्या विजेटला (खिडकी, बटण अशा घटकाला) फक्त जीयूआयच्या, म्हणजे खिडक्या हाताळणाऱ्या, थ्रेडनेच हात लावायचा असतो, आणि मॅकवर तर तो थ्रेड मुख्यच असावा लागतो. आता तुम्ही कन्सोलवर खिडकीचं शीर्षक बदलायची एक ओळ लिहिली. ती कोणत्या थ्रेडमध्ये चालणार? कन्सोलच्या. म्हणजे प्रत्येक ओळ आधी खिडकीच्या थ्रेडकडे पाठवायची, उत्तराची वाट पाहायची, त्यात कंट्रोल-सी दाबलं तर ते कुणी ऐकायचं ते ठरवायचं. एखादी ओळ चुकून थेट गेली तर प्रोग्रॅम कधी कोसळतो, कधी नाही. शिकणाऱ्याला हा 'कधी कधी' फार छळतो. माझ्या भाचीचा कॉलेजचा प्रोजेक्ट अशाच एका चुकीपायी आठवडाभर अडला होता, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय.

तुम्हीही इंदूरचेच, तेव्हा सराफ्याचं उदाहरण देतो. दिवसा तिथे सोन्याचांदीचा व्यवहार. रात्री शटर खाली आली की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या कढया लागतात. जागा एकच, पण दोघांची वेळ वेगळी, म्हणून कुणाचं कुणामुळे अडत नाही. कन्सोलचा मुख्य थ्रेड म्हणजे दुकानापुढचा तो ओटा. प्रॉम्प्ट तुमच्या टायपिंगची वाट पाहत रिकामा बसलेला असतो, तेवढ्यात खिडकीचा लूप तिथे चालतो. तुम्ही की दाबली की तो उठतो आणि जागा कन्सोलला परत मिळते. माणूस कन्सोलवर बसतो तेव्हा बराचसा वेळ विचारातच जातो, त्यामुळे खिडकीच्या वाट्याला भरपूर वेळ येतो.

आता डोकावण्याबद्दल. साध्या पायथॉनमध्ये रीडलाइन (टाइप केलेली ओळ वाचणारी लायब्ररी) त्या हुकला दर 0.1 सेकंदाला हाक मारते, हे खरं. म्हणजे सेकंदाला दहा वेळा. प्रोसेसरला त्याचं ओझं वाटावं असं त्यात काही नाही. पण 2016 मध्ये आलेल्या 5.0 पासून आयपायथॉन रीडलाइन सोडून प्रॉम्प्ट-टूलकिट या तशाच कामाच्या दुसऱ्या लायब्ररीवर गेलं. लिनक्सवर तिथे क्यूटीच्या लूपला एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा किंवा पाइपचा क्रमांक) दिला जातो आणि क्यूटीचा क्यूसॉकेटनोटिफायर हा पहारेकरी त्यावर लक्ष ठेवतो. की दाबली गेली की त्यावर खूण येते आणि लूप आपणहून थांबतो. मधल्या काळात कीबोर्डसाठी डोकावणं नाही. विंडोजवर मात्र 50 मिलिसेकंदांचा टायमर आहे, तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं लागू पडतं. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची: ती खूण करायला प्रॉम्प्ट-टूलकिट आतमध्ये एक छोटा थ्रेड वापरतं. पण तो फक्त कीबोर्डकडे बघतो, खिडकीला शिवत नाही. थ्रेडला माझा विरोध नाही. खिडकीला दोन थ्रेडनी हात लावण्याला आहे.

म्हणूनच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. हिशेब चालू असताना दुकान उघडंच असतं, ओटा मोकळा होत नाही, खिडकी गोठते. तुमच्या कोडमधल्या लूपमध्ये आलेख काढत असाल तर प्रत्येक फेरीत मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीचं 'पॉज(0.01)' टाका, तेवढ्या वेळात खिडकीचे इव्हेंट उरकतात. पण एकच हिशेब मधे न थांबता पाच मिनिटं चालणार असेल, तर तो हिशेब क्यूटीच्याच क्यूथ्रेड नावाच्या वेगळ्या थ्रेडमध्ये न्या आणि निकाल सिग्नलने (क्यूटीच्या निरोप पाठवायच्या सोयीने) खिडकीकडे पाठवा. तुम्ही सुचवलेला थ्रेड इथे अगदी योग्य आहे, फक्त त्यात खिडकी न घालता काम घालायचं.

दुरुस्त केलेलं वाक्य आता असं आहे: 'प्रॉम्प्ट दिसत असेपर्यंत खिडकी जिवंत राहील.' पडताळायचं असेल तर बटण असलेली खिडकी उघडा, कन्सोलवर 'टाइम.स्लीप(10)' लिहा आणि लगेच बटण दाबा. दहा सेकंद काहीच होणार नाही, आणि प्रॉम्प्ट परतल्याबरोबर ती क्लिक पोचेल.