शिवाजी पार्कचा वारसा जपण्याची खात्रीशीर पद्धत

वारसा जपायचा तर आधी तो नेमका कुठे आहे हे पक्कं करून घ्या. शिवाजी पार्कात राहणाऱ्याला हे अवघड नाही. वारसा शेजारच्या बिल्डिंगमध्ये असतो. आपली बिल्डिंग जुनी, गळकी, बिनलिफ्टची आणि जिवाला धोका असलेली. शेजारची मात्र देखणी, १९३०-४०च्या सुमाराच्या गोलाईदार आर्ट डेको शैलीतली, आणि तिला हात लावणं म्हणजे मुंबईच्या संस्कृतीवर घाला. एवढं मनावर ठसलं की निम्मं काम झालं.

मग थोडा इतिहास पाठ करा. फार नको, कट्ट्यावर बोलण्यापुरता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि कोंदटलेल्या शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इकडे उजेड-वारा येईल अशा वस्त्या आखायचं ठरलं. १९२५ मध्ये मैदान खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकारानं ते शिवाजी पार्क झालं. मग भोवती दोन-तीन मजली घरं उभी राहिली. गोल वळणाच्या बाल्कन्या, खिडक्यांवर छज्जे, जिन्याच्या ग्रिलमध्ये उगवता सूर्य, दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत कुणाच्या तरी आजीचं नाव. हे सगळं डोळे किंचित मिटून सांगावं. फक्त प्लेगवर फार रेंगाळू नये. एखादा चौकस नातू विचारायचा, की उजेड-वाऱ्यासाठी वसवलेल्या वस्तीत आता दोन टॉवरांच्या मधून कबुतरालाही आडवं होऊन का जावं लागतं?

वारशाचे नियम मुंबईला नवे नाहीत. १९९५ मध्ये असे नियम करणारं हे देशातलं पहिलं शहर. पण नियम चांगले कधी, तर ते फोर्टात असतात तेव्हा. २०१२ मध्ये वारसा यादी वाढवायचा प्रस्ताव आला आणि त्यात चक्क शिवाजी पार्क परिसर निघाला, म्हणजे जुनं पाडून नवं बांधणं अवघड. तेव्हाची एकजूट आठवा. मैदानावर सभा व्हाव्यात की नकोत, क्रिकेटची किती नेट लावावीत, लाल मातीवर पाणी कुणी मारायचं, यांतल्या कशावरच ज्यांचं जमत नाही ती मंडळी हेरिटेजला नको म्हणायला एका सुरात उभी राहिली. सगळ्या पक्षांचे झेंडेही एका बाजूला. असा योग या भागात वारंवार येत नाही.

खरं सांगायचं तर त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. वारशाची श्रेणी देणारे श्रेणी देतात, गिलाव्याचे पैसे देत नाहीत. पागडीच्या, म्हणजे जुन्या गोठलेल्या भाड्याच्या, घरमालकाला महिन्याला जे भाडं मिळतं त्यात बाल्कनीतली कुंडीसुद्धा रंगवून होत नाही. पण ही बाजू चारचौघांत मांडू नका. मांडलीत तर दुरुस्तीचा पैसा कुठून आणायचा यावर चर्चा सुरू होईल, आणि ती चर्चा झाली तर इमारती वाचण्याचा धोका आहे.

आता मुख्य काम, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. तीस वर्षांपुढच्या इमारतीला ते करावंच लागतं, तेव्हा संधी घरी चालून येते. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी, सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, आणि सी-१ म्हणजे रिकामी करा नि पाडा. तुम्हाला सी-१ हवंय. ते एका दिवसात मिळत नाही, त्यासाठी काही वर्षं निष्ठेनं काहीही न करणं लागतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षावर ढकलत जा. संडासाच्या पाइपाची गळती 'मालकाची जबाबदारी' म्हणून सोडून द्या. मालक ती 'भाडेकरूंची' म्हणून सोडतोच. छज्ज्यात उगवलेला पिंपळ उपटू नका. पिंपळाला हात लावायचा नाही हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, तो संस्कार इथे फार उपयोगी पडतो. त्याचं मूळ तुळईत शिरलं की इंजिनिअरला फोटो काढायला छान जातं. दुसऱ्या कुणी वेगळा अहवाल आणलाच, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. जाऊ द्या. तोवर पिंपळ वाढतोच आहे.

सोसायटी असेल तर पुढचा टप्पा सर्वसाधारण सभेचा. सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखाली पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे फार कुणाची मनधरणी नको. कार्पेट एरिया किती टक्के जास्त, बिल्डरकडून मिळणारी रोख रक्कम, म्हणजे कॉर्पस, किती, दोन पार्किंग की एक, बांधकाम होईपर्यंतच्या ट्रान्झिट घराचं भाडं दादरातच घर मिळेल असं की बोरिवलीचं, यावर रात्री बारापर्यंत मनसोक्त बोलावं. वारशाचा मुद्दा 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात टाकावा. त्या वेळेपर्यंत वेफर्सच्या बश्या रिकाम्या झालेल्या असतात. दुसऱ्या मजल्यावरचे कुणी काका जिन्याचा सागवानी कठडा वाचवता येईल का असं विचारतील. त्यांना मान द्या, टाळ्या वाजवा, आणि लॉबीच्या सजावट समितीवर घ्या.

कारण लॉबीतच वारसा राहणार आहे. बिल्डरला ठणकावून सांगा, आम्हाला एलिव्हेशनला आर्ट डेको टच हवाच. तो लगेच हो म्हणतो, ते त्याच्या ब्रोशरमध्ये आधीच छापलेलं असतं. सहा मजली पार्किंग पोडियमच्या तोंडावर थर्माकोलसारख्या दिसणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या येतील. जुन्या जिन्याचं सूर्याचं ग्रिल काचेत बसवून, खाली दिवा सोडून, सिक्युरिटीच्या टेबलामागे लागेल. आजीचं नाव मात्र जाईल, टॉवरला ते शोभत नाही. त्याऐवजी नावात 'हेरिटेज' घ्यावं. त्याला कुठल्याच समितीची परवानगी लागत नाही.

झाडांची काळजी कायद्यानं घेतलेली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज झालं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे ऐंशी वर्षांच्या पर्जन्यवृक्षापायी ऐंशी रोपं, कागदावर एकोणऐंशीचा निव्वळ नफा. सावली कुठे पडेल हे विचारून हिशेब बिघडवू नये.

आणि इथल्या लोकांना लढता येत नाही असं कुणी म्हणालं तर २०१०चा दाखला तोंडावर फेका. गोंगाटाविरुद्ध न्यायालयात जाऊन मैदान शांतता क्षेत्र ठरवून घेतलंच की आपण! अर्थात त्यात कुणाचा कार्पेट एरिया जात नव्हता.

चार वर्षांनी, कधी सहा, कधी नऊ, ताबा मिळतो. एकोणिसाव्या मजल्यावर वास्तुशांत करा. हॉलच्या मोठ्या काचेतून मैदान दिसेल, मैदानापलीकडे समुद्राची पट्टी, आणि मधल्या रांगेत अजून उभ्या असलेल्या त्या चार-पाच बुटक्या इमारती, गोल बाल्कन्यांच्या. संध्याकाळी त्यांच्यावर ऊन फार सुरेख पडतं. त्यांतल्या एकीला गेल्या आठवड्यात सी-१ची नोटीस लागलीय असं वॉचमन सांगेल. आता मात्र एक दिवससुद्धा घालवू नका. वारसा समितीला पत्र लिहा, परिसराला श्रेणी द्या म्हणून. सह्यांची मोहीम काढा. मसुदा कुणाकडे मागायची गरज नाही, भाषण तुमचं पाठच आहे. आणि सह्या गोळा करताना आधी पंधराव्या मजल्याच्या वरच्यांची दारं वाजवा. खालच्यांना तसाही समुद्र दिसत नाही.