युनिकोडवर म्हणे छपाई होत नाही!

लग्नसराई, निवडणुका किंवा दिवाळी अंक, यांपैकी काहीही तोंडावर आलं की नाशिकच्या ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरायला लागतो. प्रेसवाल्यांकडून तो शिक्षकांच्या ग्रुपवर जातो, तिथून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि मग दिवाळी अंकाच्या संपादकांकडे. मजकूर थोडक्यात असा : "युनिकोड हा मोबाइलवर गप्पा मारायचा फॉन्ट आहे. त्यात जोडाक्षरं तुटतात, छपाईला तो चालत नाही. अक्षर एकच, तेही बेढब. परदेशी कंपन्यांनी आपल्यावर लादलाय, आपले देशी फॉन्टच वापरा. युनिकोड घेतलात तर टायपिंग पुन्हा शिकावं लागेल आणि जुनं मॅटर वाया जाईल. फारच अडलं तर पीडीएफ पाठवा, विषय संपला. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा." आता सिंहस्थाची पत्रकं, फलक, माहितीपुस्तिका अशी कामं निघतायत, त्यामुळे या संदेशाला नवा जोर चढलाय.

हा संदेश शेकडो वेगवेगळ्या फोनांवर जसाच्या तसा वाचता आला तो युनिकोडमुळेच, हे तूर्त सोडून देऊ.

पहिली चूक मुळातलीच आहे. युनिकोड हा फॉन्ट नाहीच. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारं ते मानक आहे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. त्या गटात यंदा द्राक्ष लावा नाहीतर कांदा, नंबर बदलत नाही, तसंच हे. 'क'चा क्रमांक ०९१५, 'ळ'चा ०९३३. वर फॉन्ट कुठलाही चढवा, खाली 'क' तो 'क'च राहतो. जुन्या फॉन्टांत ही सोयच नाही. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला 'भारत' संगणकाच्या लेखी कॅपिटल एच आणि पुढे के, के, जे, आर एवढाच असतो. तुमची फाइल दुसऱ्या मशीनवर गेली, तिथे तो फॉन्ट नसला की हीच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात आणि आपण म्हणतो, "मॅटर फुटलं." बरं, शिवाजी फॉन्टची मांडणी वेगळी, किरणची वेगळी, सुरेखची आणखी वेगळी. एका फॉन्टमधलं मॅटर निवडून दुसरा फॉन्ट लावला की पुन्हा गोंधळ. म्हणजे फुटण्याचा रोग जुन्या पद्धतीचा, आणि नाव मात्र युनिकोडचं खराब.

जोडाक्षरं तुटतात, ही तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही, कारण ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून आलेली आहे. अशोक स्तंभाजवळच्या एका प्रेसमध्ये ऑपरेटर ताईंनी मला हेच दाखवलं. पत्रकाचं मॅटर मी ईमेलने पाठवलेलं, त्यांनी ते इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं, आणि पहिल्याच ओळीत 'त्र्यंबकेश्वर'चे तुकडे पडलेले. त चा पाय मोडलेला, र चा पाय मोडलेला, य वेगळाच उभा, आणि खालच्या ओळीत 'निमंत्रण'ची वेलांटी न च्या पुढे जाऊन बसलेली. "बघा सर, म्हणून आम्ही युनिकोड घेत नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना परिच्छेदाच्या पॅनेलचा कोपऱ्यातला मेनू उघडायला सांगितला. त्यात 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' असा एक पर्याय असतो. त्यावर टिचकी मारली आणि सगळी ओळ जागच्या जागी जुळली. ताईंनी लगेच मागची दोन पत्रकं उघडून तिथेही तेच करून पाहिलं.

झालं काय होतं? 'त्र्यंबकेश्वर' या शब्दात युनिकोडचे तेरा क्रमांक एकापाठोपाठ असतात : त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, असं करत शेवटच्या र पर्यंत. ते क्रमांक बघून 'त्र्यं' असा एकसंध आकार काढायचं काम मांडणीच्या सॉफ्टवेअरने आणि फॉन्टने मिळून करायचं असतं. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते येतच नाही. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली; त्यानंतर ते बंदच पडलं. इनडिझाइनला सीएस६ पासून भारतीय लिप्या जमायला लागल्या, कोरलड्रॉला एक्स६ पासून, दोन्ही २०१२ च्या. म्हणजे युनिकोडवर छपाई होत नाही हे वाक्य २००५ साली बोललं असतं तर मी मान डोलावली असती. आज ते फक्त 'माझ्या पेजमेकरमध्ये होत नाही' एवढ्यापुरतं खरं आहे.

आणि पेजमेकर धरून बसलेला प्रेसवाला काही अडाणी नाही. जुनं मशीन चालतंय, हात बसलाय, नव्या सॉफ्टवेअरचं दरसाल भाडं भरायचं तर पाचशे पत्रिकांच्या ऑर्डरमधून ते निघायचं कुठून? ही अडचण खरी आहे. पण मग ती तशीच सांगावी. गिऱ्हाइकाला "युनिकोड चालत नाही" म्हणून पुन्हा सगळं टाइप करायला लावणं, त्याचे पानामागे पैसे घेणं आणि वर नव्या टायपिंगमधल्या नव्या चुका त्यालाच तपासायला लावणं, हे काही बरं नाही. आलेलं मॅटर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये नेता येतं, फुकटात. छोट्या कामांना लिब्रेऑफिस पुरतं, आणि पैसे न मोजता छपाईची मांडणी करायची तर स्क्रायबस आहे, त्याच्या १.६ आणि पुढच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळते.

जोडाक्षरांचा विषय निघालाच आहे तर युनिकोडची एक खरी खोड सांगतो, संदेशवाल्यांना ती सापडलेली नाही. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, हे मराठीत एका छोट्या आडव्या रेघेवर ठरतं. ही रेघ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : एक, खाली टिंब असलेल्या र पासून, दोन, साध्या र ला हलन्त देऊन मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकात मात्र दोन वेगळे शब्द होतात, आणि 'दऱ्या' शोधायला गेलात तर निम्म्या दऱ्या सापडत नाहीत. अंक काढणाऱ्यांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी आणि आलेलं मॅटर शोधा-बदला करून त्या पद्धतीवर आणावं.

"अक्षर एकच, तेही बेढब." हे मंगल नावाच्या एका फॉन्टवरून पडलेलं मत आहे. विंडोजबरोबर तो आयता यायचा, म्हणून लोकांनी त्यालाच युनिकोड समजलं. त्यातला ल हिंदी वळणाचा, मराठी डोळ्याला खुपतो, मान्य. पण मुक्त आहे, बलू आहे, मराठी वळणाचे ल आणि श घेऊनच आलेला तिरो देवनागरी मराठी आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. चारही मोफत, चारही छपाईला वापरायची परवानगी खुली. लग्नपत्रिकेतल्या वेलबुट्टीच्या शीर्षकांसाठी मात्र जुन्या संचांत अजून जास्त वाण आहेत. मग 'शुभविवाह' तेवढा जुन्या फॉन्टमध्ये करा आणि कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, कोण अडवतंय? पत्ता, मुहूर्त आणि कुलस्वामिनीचं नाव युनिकोडमध्ये राहू द्या.

आता देशीचा मुद्दा. संदेशात सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडतात, आणि सगळ्यात उलटा हाच आहे. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे स्वतःचं मानक होतं, इस्की नावाचं. भारतीय मानक ब्यूरोने ते आयएस १३१९४ म्हणून १९९१ साली स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. अक्षरांचा क्रम तोच, हलन्ताची कल्पना तीच. पुढे भारत सरकारचं माहिती तंत्रज्ञान खातंही युनिकोड कन्सॉर्शियमचं सदस्य झालं. मराठीतला ॲ स्वतंत्र क्रमांक घेऊन २००८ साली त्यात आला. रुपयाचं नवं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला जाहीर केलं, ऑक्टोबरच्या आवृत्तीत ते दाखल झालं. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर बावीसही अधिकृत भाषांतला मजकूर वाचता यायला हवा, असं आपलंच आयएस १६३३३ हे मानक सांगतं.

आणि ज्यांना संदेशात देशी म्हटलंय, त्या फॉन्टांनी काय केलं? देशाचं मानक हाताशी असताना प्रत्येकाने आपापली गुप्त मांडणी केली. एकाचं मॅटर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नये यातच धंदा होता. डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची किल्ली, लावल्याशिवाय सुरू न होणारी मराठी सॉफ्टवेअर ज्यांनी वापरलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको; डोंगल बिघडला की आपणच लिहिलेला मजकूर आपल्याला बघता यायचा नाही. त्या काळात त्या कंपन्यांनी मराठी छपाई संगणकावर आणली, हे त्यांचं काम मोठंच. पण कुलूप देशी आहे म्हणून ते कौतुकाने मिरवायचं, हे काही पटत नाही.

टायपिंग पुन्हा शिकावं लागेल, हे तर साफ खोटं. बोटांनी कुठली कळ दाबायची आणि संगणकाने आत काय साठवायचं, या दोन वेगळ्या गोष्टी. टाइपरायटरवर शिकलेल्यांसाठी रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही मिळते. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट घ्यावं, एवढंच मी म्हणेन. ते भारतीय मानकातलं आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हीकडे आयतं मिळतं.

पीडीएफचं काय? पीडीएफ हेही खुलं मानक आहे, २००८ पासून आयएसओ ३२०००. कागदावर जसं दिसेल तसंच सगळीकडे दिसावं, हे काम ती चोख करते. पण जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमध्ये दिसायला मराठी आणि आत तीच इंग्रजी अक्षरं असतात. पाचशे पानांच्या यादीत आपलं आडनाव शोधा, एकदाही सापडणार नाही. उतारा उचलून दुसरीकडे चिकटवा, कचरा पडेल. याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो ज्यांना दिसत नाही त्यांना. आपल्याच सातपूरला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचं काम चालतं. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरचा टॉकबॅक किंवा संगणकावरचा एनव्हीडीए त्याला युनिकोडमधलं मराठी पत्रक धडाधड वाचून दाखवतो. तेच पत्रक जुन्या फॉन्टमध्ये असेल तर त्याच्या कानावर "एच, के, के, जे, आर" पडत राहतं. कर्व्ह करून पाठवलेल्या फाइलमध्ये तर तेवढंही नाही, कारण तिथे अक्षरं नसतात, नुसत्या रेघा असतात. सिंहस्थात कुठला घाट कधी बंद, वाहनतळ कुठे, हे अशा फाइलमध्ये वाटलं तर ते वाचणार कोण आणि शोधणार कोण?

युनिकोडमधून केलेली पीडीएफही कधीकधी वेलांट्या मागेपुढे करते, हे सांगायला हवं. तिच्यातून कॉपी केलेलं मॅटर तपासल्याशिवाय वापरू नये. म्हणून पीडीएफबरोबर मूळ मजकुराची साधी फाइलही मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

राहिलं जुनं मॅटर वाया जाण्याचं. ते वाया चाललंच आहे, पण युनिकोड न घेतल्यामुळे. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक मागा, कागद पिवळा असेल पण वाचता येईल. २००३ ची स्मरणिका पेजमेकरच्या फाइलमध्ये सीडीवर असेल तर आज ती उघडायला जुनं विंडोज, जुना फॉन्ट आणि नशीब असं तिन्ही लागतं. ज्यांच्याकडे असं मशीन अजून सुरू होतंय त्यांनी ते बंद पडायच्या आत मॅटर बाहेर काढावं. बहुतेक प्रचलित फॉन्टांसाठी कन्व्हर्टर मिळतात. मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्यामुळे 'निर्मिती', 'कार्तिक', 'मूर्ती' असे शब्द हमखास बिघडतात, प्रूफ वाचताना आधी तेच बघावेत. आणि मॅटर साध्या मजकुरात काढलं की फॉन्टची खूण जाते, मग कन्व्हर्टरला खरी इंग्रजी अक्षरं कुठली आणि मराठीची सोंगं कुठली हे कळत नाही. इंग्रजीत छापलेल्या दुकानाच्या नावाचंही तो भलतंच मराठी करून ठेवतो. स्मरणिकेचे लेख आधी कन्व्हर्ट करा. जाहिरातींची पानं शेवटी घ्या, आणि त्यातली इंग्रजी नावं आणि फोन नंबर हातानेच टाका.