‘माळ्यावरच्या अडगळीतून महिना लाख’ : त्या मेसेजबद्दल खुलासा

पुण्यात कोथरूड-सिंहगड रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: लोकांच्या जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकून द्या, कमिशन घ्या; भांडवल शून्य, नफा हमखास. यातलं भांडवलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. माल दुसऱ्याचा असतो, त्यामुळे खरेदीत पैसा अडकत नाही. हमखास मात्र काहीच नाही.

समजा, एक पितळी समई २००० रुपयांना गेली. ३० टक्के कमिशन धरलं तर हातात ६००. त्यातून साइटचे विक्री-किमतीच्या १० टक्के, म्हणजे २००, आणि खोका-बबल रॅपचे १०० वजा करा. उरले ३००. एवढ्यात चिंच लावून घासणं, बुडाचा पोचा दिसेल असे फोटो, वर्णन, चौकश्यांना उत्तरं, कुरिअर. समई परत आली किंवा बोलीच लागली नाही, तर मेहनत फुकट. शिवाय मालकीणबाई विचारणार, “अहो, एवढीच किंमत?”

अमेरिकेत ‘आयसोल्ड इट’सारख्या साखळ्यांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या जोरावर हेच दुकान मांडलं होतं, पुढे त्यांच्या बऱ्याच शाखा बंद पडल्या. आपल्याकडचं ईबे तर २०१८ मध्येच गुंडाळलं गेलं.

मेसेजमधलं ‘शंभर वर्षं जुनं परदेशात विका’ हे तर सरळ बेकायदा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा पुरावस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. देशात त्यांचा व्यापार करायलाही परवाना लागतो.

जमतं ते नेमक्या मालात: कॅमेरे, घड्याळं, लेन्स. पाच-दहा हजारांच्या खालची वस्तू घेऊच नका, ती बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बरी.