ब्रह्मपुरी कॉम्प्युटरात मावत नाही, काका

काल भावकीच्या ग्रुपवर थोरल्या काकांचा फॉरवर्ड: 'सॅटेलाइटनं पंचगंगेकाठी जमिनीखाली 10 हजार वर्षांपूर्वीचं शहर शोधलं. ते महापुरात बुडाल्याचं कॉम्प्युटरनं सिद्ध केलं. आता उत्खननाची गरज नाही.' खाली त्यांची स्वतःची ओळ: "मग ब्रह्मपुरीवर बांधकामाला आडकाठी कशाला?" ब्रह्मपुरी म्हणजे कोल्हापुरातलं पंचगंगेकाठचं जुनं टेकाड. असले फॉरवर्ड रोज येतात, मी वाचतही नाही. लिहितोय ते या शेवटच्या ओळीसाठी.

10 हजार वर्षं? ब्रह्मपुरीत 1945-46 साली सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी खोदलं तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती लागली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांची. तेवढी जुनी पुरत नाही का?

वरून शोध लागतात, हे मान्य. ग्वाटेमालाच्या जंगलात विमानातून लेसर सोडून माया लोकांची 60 हजारांवर बांधकामं नकाशावर आली. पण लेसर झाडीच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतो, जमिनीत शिरत नाही. जमिनीत शिरणारं रडार वेगळं, आणि ओल्या चिकण मातीत तेही लवकर विरतं. नदीकाठची माती कशी असते, हे ट्रॅक्टर रुतवलेल्या काकांना मी काय सांगू?

आता 'सिद्ध केलं'. अमेरिकेत ॲरिझोनात लाँग हाउस व्हॅली नावाचं खोरं आहे. तिथली माणसं साधारण 1300 साली निघून गेली. संशोधकांनी सालवार दुष्काळ, मक्याचं पीक, कुटुंबं असं सगळं कॉम्प्युटरात घालून खोरं चालवून पाहिलं. 2002 साली ते छापून आलं. कॉम्प्युटरातली वस्ती घटली, पण संपली नाही. काही कुटुंबांना पुरेल एवढं पीक येतच होतं. म्हणजे नुसत्या दुष्काळानं खोरं ओस पडलं नाही, दुसरंही काही कारण असणार. हा ताळा जुळत नाही हे कळलं कशावरून? खोऱ्यात पायी फिरून नोंदवलेल्या खऱ्या घरांवरून. ती घरं आधीच बुलडोझरखाली गेली असती तर कॉम्प्युटरचं खोटं कुणी पकडलं असतं?

म्हणून ब्रह्मपुरी. पायासाठी एकदा चर मारला की थरांचा काला होतो, आणि कुठली वस्तू कुठल्या थरातली हे कुठलाच नकाशा परत सांगू शकत नाही. याच टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली, सातासमुद्रापलीकडून आलेली. बाजारात मिळणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या सॅटेलाइट फोटोचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 सेंटिमीटर. उघड्यावर ठेवली असती तरी अख्खी मूर्ती त्या एका ठिपक्यात हरवली असती. ही तर मातीत होती.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे ती. काका, रविवारी गाडी मी काढतो, तुम्ही फक्त चष्मा घ्या.