हर्बेरियमची नोंद म्हणजे खायचा परवाना नव्हे

पाऊस लागला, टेकोडे (रानातली अळिंबी) निघाले आणि मागोमाग तो मेसेजही निघाला. यंदा आरमोरीकडच्या मावशीनंच पाठवला, वर ‘बाबू, खरं आहे का रे?’ म्हणून विचारलं. मेसेजचं म्हणणं असं: विषारी अळिंबीची विदर्भातली एकही नोंद हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या शास्त्रीय संग्रहात, नाही, म्हणून आपल्याकडचे सगळे पांढरे टेकोडे खाण्याजोगे. वारुळावरचे तर शंभर टक्के. शंका आलीच तर भाजीत चांदीचं नाणं टाका, काळं नाही पडलं तर बिनधास्त खा.

नाण्याचं आधी उरकतो. चांदी अंड्यानंही काळी पडते, मग अंडं विषारी का? काही अळिंबीत असणारं अमाटॉक्सिनसारखं जहाल विष नाण्याला कळत नाही, शिजवून जात नाही, आणि बहुतेकदा ६ ते १२ तास माणसालाही कळू देत नाही.

खरा घात नोंदीच्या मुद्द्यात आहे. हर्बेरियममध्ये असतं काय? कागदी पाकिटात वाळून सुरकुतलेला टेकोडा आणि चिठ्ठी: कोणी, कुठं, कधी, कशावर उगवलेला उचलला. खाल्ला का, पचला का, हे विचारायची ती जागाच नाही. अन् समजा नोंद नाही. तर तिथं कोणी पाकीट घेऊन फिरलं नाही, एवढाच अर्थ निघतो.

असलेली नोंदही डोळे मिटून घेऊ नये. युरोपातल्या ‘अमानिटा फॅलॉइड्स’ या जीवघेण्या जातीचे कॅलिफोर्नियातले जुने नमुने बुरशी-अभ्यासक अ‍ॅन प्रिंगल आणि सहकाऱ्यांनी डीएनएसह तपासले. चिठ्ठीवर नाव तेच, पण काही नमुने त्या जातीचे नव्हतेच. पहिला पक्का नमुना १९३८ चा निघाला. हा अभ्यास २००९ चा. ती जात आपल्या सागवानात उगवते असं मी म्हणत नाही. पण तज्ज्ञांच्या पाकिटावरचं नाव चुकतं, तिथं मेसेजमधल्या फोटोचं काय घेऊन बसलात!

वारुळाचं अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. मोठ्या सात्याचं (वारुळावरच्या खायच्या टेकोड्याचं) देठ मुळासारखं खोल वाळवीच्या घरापर्यंत जातं, आणि बाजारात सात्या विकायला बसणाऱ्या बाया ते उपटतानाच ओळखतात. पण वारुळाशेजारच्या गवतात दुसरंही पांढरं उगवतं. ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’ ही विषारी अळिंबी घ्या: छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर सकाळी हिरवट भुकटी पडते, सात्याची गुलाबीसर. गुलाबी पडली म्हणजे खा, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

मावशीला एवढंच कळवलं: खाऊन उलट्या लागल्याच तर उरलेले टेकोडे फेकू नका, कागदात गुंडाळून दवाखान्यात सोबत न्या. मधेच बरं वाटलं तरी घरी परतू नका. अमाटॉक्सिनच्या विषबाधेत उलट्या थांबतात आणि यकृत आतून बिघडत राहतं.