मिसेस रॅम्झीला बिचारी म्हणू नका

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीचा विषय निघाला की बहुतेक जण मिस्टर रॅम्झीला झोडपून मोकळे होतात. चिडका, आत्ममग्न, बायकोकडून सतत कौतुक करून घेणारा तत्त्वज्ञ. आणि ती? आठ मुलांची आई, सोशीक, बिचारी. मला हे फारच सोयीचं वाटतं.

बिचारी कसली! बाईंना लग्नं जुळवायचा नाद आहे. घरी आलेल्या पॉल आणि मिंटा या तरुण पाहुण्यांना ती जवळजवळ बोहल्यावर ढकलते. लिली ब्रिस्कोला चित्रं काढायचीयत, लग्न नकोय. तर तिच्यासाठीही विल्यम बँक्स हे विधुर स्थळ हेरून ठेवलेलं. आणि ही कोण? ग्रीनहाउसच्या छपराला पन्नास पौंड लागतील, एवढं साधं नवऱ्याला सांगायची जिला धास्ती आहे ती. त्याचं शेवटचं पुस्तक तितकंसं उतरलं नाही, ही शंकाही तिने पोटात ठेवलीय. संसार आतून कसा चालतो हे पुरतं ठाऊक असून नव्या मुलींची भरती चालूच! वुल्फचा खरा वार नवऱ्यावर नाही, इथे आहे.

वुल्फने हे घरातच पाहिलं होतं. स्त्रियांना मताधिकार नको म्हणून १८८९ साली जे जाहीर निवेदन निघालं, त्यावर तिच्या आईची, ज्युलिया स्टीफनची, सही आहे. लेक तेव्हा सात वर्षांची.

पुढे मिसेस रॅम्झी कंसातल्या एका वाक्यात मरते. पॉल-मिंटाचं लग्नही फसतं. दहा वर्षांनी विधुर रॅम्झी सुस्कारे टाकत लिलीपुढे येऊन उभा राहतो. सहानुभूती हवीय, आणि ती बाईमाणसानेच द्यायची, हा त्या घरचा रिवाज. लिलीला काही केल्या जमत नाही. शेवटी ती त्याच्या बुटांची तारीफ करते! म्हातारा खूश. नाडी कशी बांधावी हे दाखवायला खाली वाकून तिच्याच बुटाची गाठ तीनदा बांधतो, तीनदा सोडतो. तेव्हा कुठे तिला त्याच्याबद्दल आपसूक माया वाटते. तोवर त्याला ती माया नको असते.

आता कुणीतरी पहिल्या भागाचा शेवट पुढे करणार, ठाऊक आहे. नवऱ्याला ‘प्रेम आहे’ हे ऐकायचं असतं, ती तोंडाने म्हणत नाही, तरी जिंकते. सुंदर प्रसंग आहे, वादच नाही. पण उद्या दीपगृहावर जाण्याजोगी हवा नसेल, हे तुमचंच खरं, असं कबूल करूनच ना?